घराघरांतील ठेवा

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



प्रत्येक घरात काहीतरी जपलेले असते. आजीचा अडकित्ता, आजोबांची पोथी, देवघरातील समई. बाजारात त्यांचे मोल अल्प. पण घराण्याची स्मृती त्यांतच नांदत असते.

आमच्या माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल होते. वाचता कोणालाच येत नव्हते. घराला रंग देण्याचे निघाले, तेव्हा मीच ते रद्दीत घातले. त्यांत काय होते, हे आता कधीच कळणार नाही.

वाईतील एका घरी जपलेली पानिपतकालीन पत्रे हाती आली आणि १८९८ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध केला. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते अशा नित्य वापरातील वस्तू जन्मभर जमविल्या आणि अकाली गेलेल्या पुत्राच्या, राजाच्या नावे संग्रहालय उभे केले.

राष्ट्राचा इतिहास केवळ गडकोटांवर नसतो. तो घराघरांतील फडताळांतही सांभाळला जातो.

म्हणून एकच विनंती. येत्या रविवारी मुलांना जवळ घेऊन जुनी पेटी उघडा. कोणती वस्तू कोणाची, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मोडी कागद निघाले, तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांना दाखवा. जे माझ्या हातून घडले, ते तुमच्या हातून घडू नये.