माझ्या नावाचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घराविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. पापड-कुरडयांच्या कामात मी पुढे असते, पण भाषणाला आज प्रथमच उभी आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

अठरा वर्षे आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. १ एप्रिल २०२१ पासून सरकारने बाईच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी शेगाव नाक्याच्या बाजूला आम्ही एक जुने बैठे घर घेतले, आणि सवलतीपायी खरेदीखत माझ्या नावाने झाले. सही करताना माझा हात कापत होता. त्या दिवसापासून आमचे हे गमतीने मला "मालकीणबाई, चहा मिळेल का?" असे म्हणू लागले. चहा मिळत असे. दुरुस्तीची सगळी बोलणी बाहेरच्या खोलीत झाली आणि मालकीणबाई आत चहाच करीत राहिली.

घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा होत्या. ठेकेदार म्हणाला, जुन्या घराला असे असतेच. भेगा भरू, वरून रंग देऊ, स्वयंपाकघराला टाइल्स लावू, बैठकीला नक्षीचे छत करू. सगळ्यांना पसंत पडले. खरे सांगायचे तर टाइल्स मलाही हव्या होत्या, निळ्या फुलांच्या. त्यासाठी माझ्या आईने दिलेल्या दोन बांगड्या मोडल्या.

पण भगिनींनो, त्या भेगा कशाच्या, हे मला ठाऊक होते. माझे माहेर दर्यापूरकडचे. वैशाखात आमच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडत आणि पावसाळ्यात त्याच जमिनीत पाय रुतत असे. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून आपले जुने लोक काळीत नांगर धरीत आणि गाव पांढरीत वसवीत. आता शहर वाढले, शेते अकृषक झाली आणि काळीतच घरे उभी राहिली. तशीही बांधता येतात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत खोल न्यावा लागतो. आमच्या घराचा पाया तेवढा खोल गेलेला नव्हता. हे मी बाहेर येऊन बोलायला हवे होते. सातवी शिकलेल्या बाईने ठेकेदाराला काय शिकवावे, असे वाटले आणि गप्प बसले.

मे २०२२ मध्ये भेगा जागच्या जागी उघडल्या. निळ्या फुलांच्या सात टाइल्स मधोमध तडकल्या. ठेकेदाराने फोन उचलणे सोडले. रात्री ह्यांनी हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

मग माहेरच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी आले. ते भिंतीकडे पाहीचनात, घराभोवती फिरले. म्हणाले, "भीत फाटत नाई बाई, जमीन हालते. पानी कुठी जाते ते पयले पाहा." पाहिले. गच्चीचे पाणी नळीतून थेट कोपऱ्याच्या पायाशी पडत होते. न्हाणीची मोरी भिंतीलगत मुरत होती. आणि तिसरे पाणी माझे स्वतःचे होते. भिंतीला लागून मी मोगऱ्याचा वाफा केला होता आणि रोज संध्याकाळी दोन बादल्या त्यात ओतत होते! पायाची एक बाजू ओली, दुसरी कोरडी. मग घर सरळ कसे उभे राहील?

जानेवारी २०२३ मध्ये काम काढले. या वेळी मी बाहेर बसले. घराभोवती हातभर रुंदीपेक्षा जास्त पट्टा फरसबंद केला, त्याला बाहेरच्या बाजूस उतार दिला. गच्चीची नळी आणि मोरी लांब नेली. मोगरा कुंपणाशी हलवला. तो काही दिवस रुसला, आता बरा आहे. या सगळ्याला नक्षीच्या छताच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. तेच आधी केले असते तर बांगड्या आज हातात असत्या.

गवंडीबाबांनी आणखी एक युक्ती शिकवली. भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटने घट्ट बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भेग हलली की काच तडकते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावा, मगच गिलाव्याला हात लावावा. आम्ही चार पट्ट्या बसवल्या. तीन शाबूत आहेत, चौथी देवघराजवळची फुटली. त्या कोपऱ्याला पायाच खाली बळकट करावा लागेल असे ते म्हणतात, आणि तो खर्च मोठा आहे. पैसे जमेपर्यंत देव आम्ही बैठकीत आणले आहेत. सासूबाईंना ते पटलेले नाही.

ज्यांची माहेरे खारपाण पट्ट्यात आहेत, पूर्णेच्या काठी, अकोला-बुलढाण्याकडे, त्यांनी भावाला निरोप द्यावा की विहिरीचे खारे पाणी बांधकामात वापरू नये. आतले लोखंड गंजून फुगते आणि सिमेंटचे पापुद्रे पडतात. माझ्या भावाला मी स्वतः फोन केला. तो हसला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

तडकलेल्या टाइल्स मी बदललेल्या नाहीत. कोणाला काचेच्या पट्ट्या पाहायच्या असतील तर रविवारी दुपारी या. चहा आमचे हे करतात.