वऱ्हाडांतील सायकल-सफर

उष्ण प्रदेशांतील एखादा मुलूख सायकलीवर बसून पाहावयाचा, आणि तोहि एका दिवसांत नव्हे, तर चांगले सहा-आठ दिवस, जाणत्या वाटाड्याच्या मागोमाग, ही सुटी घालविण्याची रीत युरोपांत आतां पुरती रुळली आहे. तिकडे थंडी पडूं लागली कीं हौशी मंडळी व्हिएतनाम, श्रीलंका किंवा आपल्या केरळाकडे वळतात. पुढें वाटाड्या, मागें सामानाची मोटार, मोटारींत सायकली दुरुस्त करणारा एक कारागीर, आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय आधींच ठरलेली. पाहुण्यानें पाय मारावे आणि आजूबाजूस पाहावें, एवढेंच काय तें त्याचें काम.

महाराष्ट्राला लांबच्या सायकलप्रवासाचें वावडें पूर्वींहि नव्हतें. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परत आले. त्यांच्या मागें सामानाची मोटार नव्हती, हें सांगावयास नकोच. अलीकडे नाशिककडील सायकलस्वार पंढरीची वारीसुद्धां सायकलीवरून करतात. मग वऱ्हाडानेंच मागें कां राहावें?

अकोला आणि अमरावती हीं शहरें मूर्तिजापुरावरून जाणाऱ्या हमरस्त्यानें एकमेकांपासून सुमारें शंभर किलोमीटर आहेत. ट्रकांच्या गर्दींतून हें अंतर एका दिवसांत तोडणारे तरुण पुष्कळ सांपडतील. पण त्याला सुटी म्हणतां येणार नाहीं. तोच प्रवास उत्तरेकडून, सातपुड्याच्या पायथ्यानें केला, म्हणजे अकोट, अंजनगांव, परतवाडा आणि चिखलदरा असा वळसा घालून अमरावती गांठली, तर सहा दिवस लागतात, आणि वऱ्हाडचीं सारीं रूपें एकामागून एक दृष्टीस पडतात.

नकाशा हातांत असतां वाटाड्या कशाला, असें कोणी म्हणेल. रस्ता चुकण्याचें भय येथें खरोखरच फारसें नाहीं. भय आहे तें उन्हाचें आणि पाण्याचें. वैशाखांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्याहि वर चढतो. त्या दिवसांत सायकल-सफरीचा विचारच करूं नये. पावसाळ्यांत काळ्या रानांतील आडवाटेला लागलें तर दहा पावलांत चिखल चाकाला आणि मडगार्डाला असा धरून बसतो कीं सायकल खांद्यावर घ्यावी लागते. राहतां राहिला हिंवाळा. दिवाळीपासून माघापर्यंत पहाट थंड, आकाश निरभ्र आणि शेतांत कापसाची वेचणी चाललेली. तेव्हांहि दुपारचें ऊन कोंवळें नसतें. म्हणून जाणता वाटाड्या मंडळींना तांबडें फुटतांच रस्त्यावर काढतो आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास एखाद्या कडुनिंबाखालीं बसवितो. शिवाय तो जेवणासाठीं सायकली बांधावर टेकूं देत नाहीं, कारण बांधावर बाभूळ असते, आणि बाभळीच्या कांट्यापुढें विलायती टायरचेंहि कांहीं चालत नाहीं.

पहिल्या दिवसाचा पल्ला अकोल्याहून अकोटचा, सुमारें पंचेचाळीस किलोमीटरांचा. निघाल्यावर तासा-सव्वातासांत गांधीग्रामपाशीं पूर्णा नदी लागते. श्रावणांतील शेवटच्या सोमवारीं अकोल्याचे हजारों भाविक येथूनच कावडी भरतात आणि अनवाणी चालत जाऊन राजराजेश्वराला तें पाणी घालतात. १९४४ सालीं पाऊस रुसला असतां ही प्रथा सुरू झाल्याचें सांगतात. या वाटेवरून खांद्यावर पाणी वाहून नेणें हा नुसता धर्माचार नाहीं, याचा अनुभव पाहुण्याला पुढच्या दोन तासांतच येतो.

नदीच्या दोन्ही तीरांस पसरलेलें हें काळें सपाट रान म्हणजे वऱ्हाडचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेंकडों खेडीं त्यांत येतात. विहीर खणली तर पाणी लागत नाहीं असें नाहीं. पण तें खारट लागतें. युगानुयुगें सांचलेला येथील गाळ खोल आणि चिकण आहे, त्यांतून पाण्याचा निचरा होत नाहीं, आणि क्षार जागच्या जागीं वाढत जातात. दहीहंड्याच्या बाजूस पूर्वीं विहिरींच्या पाण्यापासून मीठच काढीत असत. या पाण्यांत डाळ शिजत नाहीं. त्यानें ओलीत केलें तर जमीन बिघडते, म्हणून शेतकरी कापूस, तूर आणि हरभरा घेऊन पावसाकडे डोळे लावून बसतो. आणि जन्मभर हें पाणी पिणाऱ्यांना जडणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल या भागांत वर्षानुवर्षें ओरड चालू आहे. वान आणि शहानूर या धरणांचें गोडें पाणी नळांनीं पुष्कळ गांवांत पोहोंचविलेलें आहे. पण नळ रोज येतोच असें नाहीं, आणि न आल्या दिवशीं पाण्याचा कॅन विकत घ्यावा लागतो.

अशा गांवांतून पंधरा सायकलस्वार जात आहेत, असें समजावें. उन्हांत सायकल चालविणाऱ्या मनुष्याच्या अंगांतून तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो. चार-पांच तासांत प्रत्येकाला निदान चार लिटर पाणी लागणार, म्हणजे पंधरा जणांना साठ लिटर. एखाद्या घरीं दिवसभर पुरवून प्यावयाचें पाणी ही मंडळी घटकाभरांत संपवितील. आणि अडचण अशी कीं, वऱ्हाडी मनुष्य दारीं आलेल्याला पाणी नाहीं असें कधीं म्हणणार नाहीं. दादा, बसा म्हणेल, गुळाचा खडा पुढें करील, माठ रिकामा करून तांब्या भरून देईल, आणि पाहुणे गेल्यावर घरची बाई संध्याकाळच्या पाण्याच्या विवंचनेंत पडेल. परदेशीं परतलेला प्रवासी वऱ्हाडच्या आतिथ्याचें तोंडभरून वर्णन करील. त्या आतिथ्याला काय किंमत पडली, हें त्याला कोणी सांगितलेलें नसेल.

वाटाड्याची खरी परीक्षा येथें आहे. ज्याला रस्त्यावरील गांवें ठाऊक आहेत, पण कोणत्या गांवीं नळ कोणत्या वारीं येतो हें ठाऊक नाहीं, तो वाटाड्या कच्चाच म्हटला पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यांतील सबंध दिवसाचें पाणी अकोल्यांतच भरून मोटारींत ठेवावें, चहाच्या टपरीवर बसल्यास चहाचे पैसे द्यावे आणि वर बाटली भरून मागूं नये, एवढा शिरस्ता त्यानें कटाक्षानें पाळला तरी पुष्कळ झालें. शेताच्या विहिरीचें पाणी फुकट आहे म्हणून पिणाऱ्या पाहुण्यालाहि त्यानेंच आवरावें. घामानें मीठ जातें तेव्हां खारें पाणी उपकारकच, असा तर्क लढविणारे विद्वान निघतात. त्यांना लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ गोड्या पाण्यांत घालून द्यावें.

अकोटच्या उत्तरेस सरकूं लागलें कीं पाण्याची चव पालटते. सातपुड्याच्या पायथ्याशीं डोंगरांतून उतरलेल्या रेताड, गोट्यांच्या थरांतून पाणी वाहतें राहतें, आणि विहिरी गोड लागतात. ज्या दिवशीं पोपटखेडावरून शहानूरला जाऊन नरनाळा किल्ला पाहावयाचा, त्या दिवशीं हा फरक जिभेवर कळतो. किल्ला आतां अभयारण्यांत मोडतो. सायकली पायथ्याशीं ठेवून, वनखात्याच्या फाटकावर नोंद करूनच वर जातां येतें. त्याच्या महाकाली दरवाजावरील कोरीव काम पाहावयास सकाळचें ऊन उत्तम. किल्ल्यावरील टांकीं आणि तळीं पाहतांना, शिबंदीच्या आधीं पाण्याचा विचार करणारे जुने दुर्गकार किती शहाणे होते, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल.

अकोटहून परतवाड्यापर्यंतची वाट गोड्या पाण्याच्या कडेनें जाते. अंजनगांव-सुर्जीच्या आसपास पानमळे आहेत. बाहेर ऊन रणरणत असतां मळ्यांत पाऊल टाकलें कीं अंगावर ओली सांवली पडते, आणि मळेकरी पानाच्या वेलीबरोबर पिंपळीचाहि वेल दाखवितो. इतिहासाची आवड असलेल्यांना येथें थांबावेंसें वाटेल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोटच्या पश्चिमेस अडगांवच्या मैदानांत इंग्रजांनीं भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशीं तह झाला तो याच सुर्जी-अंजनगांवीं. जड तोफा गाविलगडाच्या उत्तरेस नेण्यासाठीं इंग्रजांच्या फौजेला डोंगरांतून वाट पाडीत जावें लागलें. ज्या महिन्यांत ही मोहीम झाली, तोच सायकल-सफरीचाहि महिना आहे. तें कांहीं योगायोगानें नव्हे.

परतवाडा ही जुनी छावणी आणि आजची लांकडाची व संत्र्यांची पेठ. पौषाच्या सुमारास तेथून जवळच बहिरमची यात्रा भरते. रोडगे, वांग्याचें भरीत आणि मातीच्या हंडींतलें झणझणीत मटण यांचा वास दुरूनच येतो. त्या रात्रीं बेतानें जेवण्याचा उपदेश वाटाड्यानें अवश्य करावा. तो कोणी ऐकेल असें मात्र नाहीं.

आणि दुसऱ्या दिवशीं घाट आहे. धामणगांव गढीच्या बाजूनें चढणारा रस्ता जवळजवळ सातशे मीटर उंची घेतो. जो पहिल्याच वळणावर उभा राहून पाय मारूं लागतो, तो तिसऱ्या वळणावर सायकल ढकलीत असतो. सुटीच्या दिवशीं या घाटांत मोटारींची गर्दी होते, म्हणून चढण आठवड्याच्या मधल्या वारीं ठेवावी. चिखलदरा सुमारें अकराशें मीटर उंचीवर आहे. कीचकाची दंतकथा, भीमकुंड, कॉफीचे मळे आणि समोरचा गाविलगड पाहण्यांत एक संपूर्ण दिवस सहज जातो. रात्रीं थंडी इतकी पडते कीं खारपाणपट्ट्यांतलें ऊन स्वप्नवत् वाटावें.

येथून पुढें मेळघाट. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांपैकीं हा एक. या रानांत शहरांतून आणलेल्या वाटाड्याचें ज्ञान संपतें, आणि कोरकू तरुणाला पुढें घालावें लागतें. परवानगीवांचून आंतल्या रानांत शिरतां येत नाहीं, आणि परवानगी असली तरी दिवेलागणीनंतर सायकलीवर असूं नये. पाहुणे वाघाची चौकशी करतात. कोरकू वाटाड्या अस्वलाची आणि रानगव्याची काळजी वाहतो. मोटारीच्या आवाजानें जनावर बाजूस होतें. सायकल निःशब्द येते आणि वळणावर एकदम समोरासमोर गांठ पडते. म्हणून तो वळण येण्यापूर्वीं घंटी वाजवितो, आणि मंडळींना फार पांगूं देत नाहीं. त्याला दिवसाची मजुरी हातावर टेकवून मोकळें करण्याऐवजीं, सफर आंखतांनाच त्याला विचारलें, तर मुक्काम कोठें करावा आणि कोणत्या पाड्यावर उन्हाळ्यापूर्वींच पाण्याची ओढ सुरू होते, हेंहि तो सांगेल. खालच्या खेड्यांत जो नियम, तोच येथील पाड्यांतहि लागू पडतो.

शेवटच्या दिवशीं पहाटे घाट उतरावयाचा. ब्रेकचे रबर आदल्या रात्रींच पाहून ठेवलेले बरे. परतवाडा मागें टाकून आसेगांवला आलें कीं पूर्णा पुन्हां ओलांडावी लागते. पहिल्या दिवशीं जिचें पाणी पाहून पाहुणे विचारांत पडले होते, तीच ही नदी. त्यानंतर वलगांव येतें. १९५६ च्या डिसेंबरांत गाडगे महाराजांनीं अमरावतीच्या वाटेवर येथेंच देह ठेवला. तेथून शहर घटकाभराच्या अंतरावर राहतें. अमरावतीहून मुंबईस रेल्वेगाडी आहे. सायकली पार्सलांत द्यावयाच्या असल्यास पुढचीं चाकें काढून, हवा थोडी कमी करून, स्टेशनवर वेळेच्या बऱ्याच आधीं पोहोंचावें.