सभासदांची फोनवरील बैठक : ती कशी भरवावी, कशी चालवावी

(कात्रप, बदलापूर येथे भाजीपाला व जांभूळ उत्पादकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला दिलेला विषय बियाण्याचा नाही, खताचा नाही, की किडीचाही नाही. आपल्या गटातील तरुण मंडळींच्या मनात आहे की, फोनवर आपला जो संदेशांचा गट चालतो त्याला जोडून सभासदांसाठी थेट बोलण्याची एक खोली उघडावी. आज सकाळी प्रश्न टाकला तर उत्तर संध्याकाळी येते, कधी दुसऱ्या दिवशी येते, कधी येतच नाही. त्याऐवजी ठरलेल्या वेळी सर्वांनी फोनवर हजर राहावे, विचारावे, ऐकावे, आणि बाहेरच्या माणसाला तेथे प्रवेश नसावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण अशी खोली उघडायला दोन मिनिटे लागतात आणि ती चालवणे हे वर्षभराचे काम आहे. विस्तार शिक्षणाच्या कामात मी असे गट उभे राहताना पाहिले आणि तीन महिन्यांत ओस पडतानाही पाहिले. म्हणून चालवण्याविषयीच जास्त बोलणार आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटते, पण महाराष्ट्रात ती फार पूर्वी करून पाहिलेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांची. पुण्याच्या प्रयोगात पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे घेतली होती. प्रत्येक गावात वीसेक सभासदांचे मंडळ, त्याला एक निमंत्रक आणि एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, मराठीतून कार्यक्रम होई. असे एकूण २० कार्यक्रम झाले. सभासदांनी एकत्र बसून ऐकायचे, मग रेडिओ बंद करून आपापसांत चर्चा करायची. चिटणीसाने ती लिहून घ्यायची आणि अहवाल पुण्याला पाठवायचा. अहवालातील प्रश्नांना पुढच्या एखाद्या कार्यक्रमात उत्तर मिळे.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्या वेळी तेथे असलेले पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी ती केली व पुढे तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओही नसलेली. मंडळाच्या गावांत सभासदांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे यंत्र दोन्हीकडे होते आणि आवाजही तोच होता. फरक पडला तो वीस माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसण्याने आणि एकाने लिहून ठेवण्याने. १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली, पण कालांतराने मागे पडली. प्रयोग करताना जी काळजी घेतली जाते ती रोजच्या कामात टिकत नाही, हे आपण प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरही पाहतो.

लिहून विचारण्याचीही सोय आपल्याकडे बरीच जुनी आहे. २००३ साली पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने संगणकावर प्रश्न विचारण्याची एक व्यवस्था सुरू केली, तिचे नाव 'आक्वा'. त्यात मराठीतून प्रश्न लिहिता येई आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तरे देत. अशा लेखी प्रश्नोत्तरांचा मोठा गुण असा की प्रश्न आणि उत्तर एकाखाली एक राहते. दुसऱ्याला तोच प्रश्न पडला तर त्याला पुन्हा विचारावे लागत नाही. थेट बोलण्यात हा गुण नसतो. बोललेले वाऱ्यावर जाते. याचा फटका कसा बसतो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्यातील भाजीपाला गटात होतो. नाव सांगत नाही, गट चांगला होता. एका संध्याकाळी गटावर एकदम गप्पा रंगल्या. एकाने भेंडीवरच्या तुडतुड्यांसाठी औषध विचारले. दुसऱ्याने औषधाचे नाव सांगून लिहिले, 'दहा घाल.' सांगणाऱ्याच्या मनात होते दहा मिली, सोळा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला. ऐकणाऱ्याने धरले दहा मिली, लिटरला. मी रात्री साडेनऊला गट उघडला तेव्हा त्या उत्तराखाली बाजारभाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि क्रिकेट मिळून ऐंशीएक संदेश जमा झाले होते. मी दुरुस्ती लिहिली. ती त्या शेतकऱ्याने वाचलीच नाही, कारण त्याला त्याचे उत्तर मिळाले होते. सकाळी त्याने फवारणी केली. तीन दिवसांत पाने कडेने करपली, फुले गळाली, आणि तोडे सुरू असलेला माल बाजारात नेण्याजोगा राहिला नाही. पीक गेले तेवढ्यावर निभावले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. मात्रेची चूक ही केवळ पिकापुरती राहत नाही.

त्या प्रकरणात चूक कोणाची, यावर त्या गटात पुष्कळ वाद झाला. माझ्या मते, गटाला चिटणीस नव्हता ही चूक.

म्हणून आपल्या बैठकीत फवारणीचा विषय निघाला तर उत्तर देणाऱ्याने औषधातील घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, मात्रा लिटरला की पंपाला, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे सर्व सांगितल्याखेरीज उत्तर पूर्ण धरू नये. विचारणाऱ्याने ते सर्वांसमक्ष परत म्हणून दाखवावे. मुलांना शाळेत पाढे म्हणायला लावतात तसे हे वाटेल, वाटू द्या. चिटणीसाने ते टिपून घ्यावे, डब्यावरच्या लेबलाशी आणि विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संदेशांच्या गटावर लिहून टाकावे. ते लिहिलेले येईपर्यंत कोणीही पंप पाठीला लावू नये. जेथे शंका राहील तेथे किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आता वेळेविषयी. थेट बैठक चोवीस तास उघडी ठेवण्याचा मोह टाळा. दार सतत उघडे असले की दोन माणसे आत येतात, कोणी नाही म्हणून निघून जातात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत. आठवड्यातून एक दिवस, एक तास, हे पुरे. आपल्या भागात भल्या पहाटे माल कल्याणच्या बाजारात न्यायचा असतो, तेव्हा रात्री नऊनंतर कोणाला जागवू नका. साडेसात ते साडेआठ ही वेळ मला बरी वाटते. विषय दोन दिवस आधी कळवावा आणि तो एकच असावा. वालावरील शेंगा पोखरणारी अळी म्हटले की त्या दिवशी वालच. व्हॉट्सॲपच्या गटातून एका वेळी ३२ जणांना आवाजाने बोलता येते. आपले काम त्याच्या आतच भागते, कारण त्याहून जास्त माणसे एकदम बोलू लागली तर कोणाचेच ऐकू येत नाही. बोलणारा सोडून बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवावा. नाहीतर एकाच्या घरचा मिक्सर सर्वांना ऐकावा लागतो.

लिहून बोलायचे की तोंडाने, असाही प्रश्न आला आहे. तोंडाने. बोटांनी मराठी लिहिणे तरुणांना जमते, पण ज्यांना जांभळाचे झाड नुसते पाहून यंदा फळ किती धरेल ते कळते, ती माणसे बहुधा लिहीत बसत नाहीत. त्यांना बोलते करायचे तर खोली आवाजाचीच हवी.

फक्त सभासदांनाच प्रवेश, या अटीबद्दल काही जणांची कुरकुर माझ्या कानावर आली आहे. शेतीचे ज्ञान झाकून ठेवायचे का, असे ते विचारतात. अटीमागचे कारण जांभळाच्या हंगामात समजून येते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, नावाला किंमत आली आहे, पण फळाचा स्वभाव बदललेला नाही. ते आज पिकते, आज उतरावे लागते आणि उद्यापर्यंत नरम पडते. वर जूनचा पहिला पाऊस कधी गाठील याचा नेम नाही. कोणाकडे किती पाट्या आहेत, कोणाला आजच विकणे भाग आहे, हे बैठकीत बोलले जाणार. ते ऐकायला घेणारा व्यापारी आत बसला असेल तर भाव तेथेच पडला म्हणून समजा. शिवाय उघड्या गटात टॉनिक विकणारे शिरतात आणि सभासद असल्यासारखे 'मला फार गुण आला' म्हणून सांगतात. तेव्हा दार लावायला हवे.

पण आत बोललेले सगळेच आत ठेवायचे असते असे नाही. माल, भाव, येणी-देणी, घरच्या अडचणी ही आतली बोलणी. कीड, रोग, हवामान, पाणी यांबद्दल जे ठरेल ते चिटणीसाने लिहून काढावे आणि सभासद नसलेल्या शेजाऱ्यालाही द्यावे. तुमच्या भेंडीवर तुडतुडे आवरले आणि बांधापलीकडे तसेच राहिले, तर ते आठ दिवसांत परत तुमच्याकडेच येणार. पुण्याच्या मंडळांतही सभासद ठरलेले असत, पण त्यांची चर्चा भिंतीआड कोंडून ठेवण्याचा हेतू नव्हता.

दाराची किल्ली कोणाकडे, हेही आजच ठरवा. दोन माणसांकडे असावी, एकाकडे नको. बैठकीची लिंक कोणी बाहेर पाठवली तर ती रद्द करून नवी काढता येते. प्रवेश देताना नाव विचारावे आणि गटाच्या वहीत ते नाव आहे की नाही हे पाहावे. सातबारा, आधार कार्ड किंवा बँकेच्या पुस्तकाचे फोटो बैठकीत वा गटावर टाकू नयेत. बँकेतून बोलतो म्हणून कोणी आत येऊन आकडे मागितले, तर उत्तर न देता त्याला बाहेर काढावे.

ठरलेल्या दिवसाला एक अपवाद मी करीन, तो उल्हास नदीचा. २६ जुलै २००५ चा पूर येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठी ज्यांचे पंप आणि गोठे आहेत त्यांना अशा वेळी एक तासही मोलाचा असतो. कर्जत-नेरळकडचा सभासद वरचे पाणी डोळ्यांनी पाहत असतो, ते आपल्याकडे यायला वेळ लागतो. अशा रात्री कोणीही खोली उघडावी आणि सर्वांना बोलवावे. मात्र वीज गेली, मोबाईलचा मनोरा बंद पडला, की ही खोली मुकी होते. म्हणून काठावरच्या प्रत्येक घरासाठी वरच्या अंगाचे एक घर आधीच नेमून ठेवा, जेथून माणूस चालत निरोप देऊ शकेल. आणि पाणी सोडण्याबाबत धरणाची किंवा तहसील कचेरीची सूचना हीच खरी धरावी. बैठकीतील ऐकीव आकडा पुढे पाठवू नये.

मघाशी मागच्या रांगेतील एका ताईंनी मला चिठ्ठी पाठवली. त्या लिहितात, 'घरात एकच मोठा फोन आहे, तो यांच्याकडे असतो. जांभूळ आम्ही उतरवतो आणि स्टेशनवर आम्हीच विकतो. मग बैठकीत कोण बोलणार?' या चिठ्ठीने माझ्या भाषणाचा अर्धा भाग निकालात काढला, हे मी कबूल करतो. मी वेळ, विषय, चिटणीस सर्व सांगितले, पण फोन कोणाच्या हातात आहे हे विचारले नाही. गटाच्या वहीत घरटी एक नाव आहे आणि ते बहुतेक पुरुषाचे आहे. माझी सूचना अशी की, घरटी दोन नावे लिहावीत. जेथे फोन एकच आहे तेथे चार घरांनी एका ओटीवर बसावे आणि फोन मोठ्या आवाजावर मध्ये ठेवावा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना चिटणीसाने दुसऱ्या फोनवरून जोडून घ्यावे. त्याला आवाज थोडा खरखरतो, पण चालते.

पहिली बैठक येत्या मंगळवारी साडेसातला ठेवू, असे गटाच्या अध्यक्षांनी मला सांगितले आहे. विषय जांभळाची उतरणी आणि पाटीत भरण्याची पद्धत. विद्यापीठाच्या वतीने मी हजर राहीन, पण सुरुवातीची वीस मिनिटे मी बोलणार नाही. ती वेळ चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंना द्यावी, अशी मी अध्यक्षांना विनंती केली आहे आणि ती त्यांनी मान्य केली आहे. चिटणीस अजून ठरलेला नाही. ज्याचे अक्षर चांगले आहे आणि ज्याला रात्री लवकर झोप येत नाही, अशा कोणी चहाच्या वेळी मला भेटावे.