टक्क्यांच्या पलीकडे



 अध्यक्षीय भाषणात हृदयविकाराच्या उपचारांचा आढावा घ्यावा अशी संयोजकांची आज्ञा आहे. तो बाजूला ठेवतो, कारण बरीच वर्षं मनात साचलेलं एक भांडण मला आज मांडायचं आहे. भांडण अँजिओग्राफीच्या अहवालात धमनी किती अरुंद झाली हे सांगणाऱ्या टक्क्यांशी आहे.

सकाळच्या सत्रात स्टेंट की गोळ्या यावर जुगलबंदी झाली. २००७ सालच्या ‘करेज’ चाचणीचे आकडे दोन्ही बाजूंनी फेकले गेले. आकड्यांऐवजी मी आमच्या तालुक्यातल्या एका एसटी चालकाची गोष्ट सांगतो. शहरातल्या एका रुग्णालयाच्या अहवालात ‘४० टक्के’ होतं. तोंडी निरोप मिळाला, ‘नॉर्मलच समजा.’ गड्यानं पेढे वाटले आणि गोळ्या बंद केल्या. पुढच्या दिवाळीत पहाटे घामानं निथळत माझ्या दारात. ईसीजीच्या आलेखातला ‘एसटी’ भाग वर चढलेला. स्ट्रेप्टोकायनेजचे १५ लाख युनिट तासाभरात शिरेतून दिले. कळ ओसरली, आलेख खाली आला. नंतरच्या अँजिओग्राफीत त्याच जागी पुन्हा तेवढेच ४० टक्के! तो मला विचारतो, “साहेब, मग बंद काय पडलं होतं?”

बंद पाडलं होतं गुठळीनं. प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर, जिथल्या तिथेच होता. स्ट्रेप्टोकायनेजचं इंजेक्शन गुठळीतली फायब्रिनची जाळी तोडतं, प्लाकला हातही लावत नाही. प्लाक नळातल्या गाळासारखा आत साचत नाही, तो भिंतीत वाढतो. एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं, भक्षक पेशी ते गिळून फुगतात, चरबीचा गाभा तयार होतो आणि वर तंतूंचा पापुद्रा धरतो. याला दशकं लागतात आणि सुरुवात तरुणपणीच होते. कोरियन युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांचं सरासरी वय २२. १९५३ साली तपासलेल्या त्यांच्या ३०० हृदयांपैकी ७७ टक्क्यांत हा रोग दिसला होता. शिवाय भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त आतली पोकळी, आणि टक्के काढायचे ते शेजारच्या ‘निरोगी’ भागाशी तुलना करून. तो भाग निरोगी असल्याची हमी कोणी दिली?

गुठळीला मात्र मिनिटं पुरतात. पापुद्रा फाटला, की बिंबिका चिकटतात, थ्रॉम्बिन तयार होतं, जाळी विणली जाते. डीवूड या संशोधकांनी १९८० साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर चार तासांच्या आत १२६ जणांची अँजिओग्राफी पाहिली. ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती. १९८८ च्या एका छोट्या अभ्यासात २९ पैकी १९ जणांची पुढे बंद पडलेली धमनी आधी निम्म्याहूनही कमी अरुंद होती. अरुंद जागा निर्धोक असते असं मी म्हणत नाही. डाव्या मुख्य धमनीचा प्रश्न तर वेगळाच. पण किरकोळ प्लाक संख्येनं जास्त असतात आणि घात अनेकदा तेच करतात.

गुठळीचा विषय निघालाच आहे, तर तरुण मित्रांना एक सांगतो. पायाच्या शिरेतली गुठळी प्लाकवाचून होते. रक्त तुंबतं, लाल पेशी आणि फायब्रिन गोठतात, तुकडा फुप्फुसात जातो. अशा गुठळीला ॲस्पिरिनवर भागवू नका. ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून हृदयाच्या आणि पायाच्या दोन्ही दुखण्यांना एकच चिठ्ठी लिहिलेली मी पाहतो, तेव्हा चिडतो.

अँजिओग्राफीच्या अहवालाचा नमुना बदलायला समिती नेमावी, असं सुचवतो.  तोवर ‘४० टक्के’ या नोंदीखाली स्टॅटिन गोळीचं नाव स्वतःच्या हातानं लिहा आणि ‘नॉर्मल’ म्हणू नका. ज्यांना हे पटलं नसेल, त्यांनी जेवणानंतर खुशाल भांडायला यावं. मी पहिल्याच रांगेत बसलेला असेन.