ब्रॉडवे गावची सराई

इंग्लंडात ‘इन’ या नावाने जी संस्था ओळखली जाते, तिला मराठीत सराई हाच शब्द जवळचा. धर्मशाळेत पांथस्थाला पुण्यार्थ आसरा मिळतो. सराईत निजावयास खोली, जेवण, बिअरचा पेला आणि घोड्याची वैरण हे सर्व दाम मोजून मिळे. धर्मशाळा दात्याच्या देणगीवर चालते, सराई रस्त्याच्या रहदारीवर. रहदारी आटली की सराईची चूल थंडावते. वूस्टरशर परगण्यातील ब्रॉडवे या खेड्याने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

कॉट्स्वोल्ड टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या गावातील घरे मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची आहेत. त्यांच्याच रांगेत, रुंद रस्त्याच्या कडेला, ‘लिगन आर्म्स’ ही सराई उभी आहे. तिचा उल्लेख १५३२ सालापासून आढळतो. त्या काळी तिचे नाव ‘व्हाइट हार्ट’ असे होते. तिचा नक्षीदार दगडी दरवाजा १६२० साली जॉन ट्रेव्हिस या तत्कालीन मालकाने बसविला. आजचा पाहुणाही त्याच दरवाजाने आत येतो.

आत एका दालनास राजा पहिला चार्ल्स याचे नाव आहे, दुसऱ्यास क्रॉमवेलचे. १६५१ च्या सप्टेंबरात वूस्टरची निर्णायक लढाई झाली. तिच्या आदल्या रात्री क्रॉमवेलचा मुक्काम येथे होता, असे परंपरा सांगते. ज्या राजाचा शिरच्छेद झाला तो, आणि ज्यांनी तो घडविला त्यांतील अग्रणी, असे दोघे वैरी येथे नावाने का होईना, शेजारी नांदतात. दारी आलेल्याचा पक्ष सराईने विचारावयाचा नसतो.

पुढे घोडागाड्यांचे युग आले. वूस्टरहून लंडनला जाणाऱ्या गाड्यांना गावापुढील फिश हिलचा खडा चढ चढण्यासाठी जादा घोडे जुंपावे लागत. प्रवासी तेवढ्यात जेवण उरकीत आणि गावाला चार पैसे मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वूस्टरकडे आगगाडी धावू लागली आणि हा ओघ आटला. तबेले ओस पडले.

१९०४ साली सिडनी रसेल या गृहस्थांनी ही सराई विकत घेतली. मोटारगाडी तेव्हा नवलाईची होती. परंतु तिच्यामागून प्रवासी पुन्हा रस्त्यावर येतील, हे त्यांनी ओळखले. बुजविलेल्या जुन्या शेकोट्या त्यांनी मोकळ्या केल्या, खोल्या जुन्या लाकडी सामानाने सजविल्या आणि त्या सामानाच्या डागडुजीसाठी माळ्यावर सुतारांचा एक लहानसा कारखाना काढला.

या कारखान्यात त्यांचा मुलगा गॉर्डन तयार झाला. जुन्या कारागिरांनी सांधा कसा जुळविला, लाकडाच्या रेषा कशा साधल्या, हे त्याने मोडक्या खुर्च्या उकलून पाहिले. अशा शिक्षणातून जुन्याची हुबेहूब नक्कल करणारा सुतार निपजावा, अशीच कोणाची अपेक्षा असती. गॉर्डन रसेलने मात्र उलट धडा घेतला. त्या कारागिरांनी आपापल्या काळाच्या गरजेसाठी प्रामाणिकपणे काम केले; तेव्हा त्यांचा खरा वारसदार तोच, जो आपल्या काळासाठी तितक्याच प्रामाणिकपणे काम करील. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर त्याने स्वतःच्या कल्पनेने सामान रेखाटण्यास आरंभ केला. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची टंचाई पडली, तेव्हा सामान्य कुटुंबांसाठी साधे, टिकाऊ सामान आखण्याच्या सरकारी कार्यात त्याने प्रमुख भाग घेतला.

रेडिओच्या श्रोत्यांना एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. मर्फी रेडिओच्या साध्या, सुबक लाकडी पेट्या १९३० नंतर रेखाटल्या त्या गॉर्डनचे बंधू रिचर्ड रसेल यांनी, आणि त्या बनविल्या रसेल यांच्याच कंपनीने. हे मर्फी नाव पुढे हिंदुस्थानातही घरोघरी पोहोचले. शतकानुशतकांच्या सराईतील खुर्च्यांची डागडुजी करता करता जी दृष्टी आली, तिने विसाव्या शतकातील सर्वांत नव्या यंत्राला घरात शोभेल असे रूप दिले.

गॉर्डन रसेलचे काम दाखविणारे संग्रहालय २००८ साली गावात उघडले. सराईत उतरलेला पाहुणा सकाळी ते पाहावयास सहज पायी जाऊ शकतो. सायंकाळी परतल्यावर शेकोटीजवळची खुर्ची तो बसण्यापूर्वी एकदा उलटून पाहील, तर त्यात नवल नाही.