जपानी की प्रोग्रॅमिंग?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला : "पोराला नोकरीसाठी जपानला जायचंय. त्याने जपानी शिकावं की प्रोग्रॅमिंग?" एकेकाला सांगण्यापेक्षा इथेच सांगते. दोन्ही शिकावं, पण दोन्हींची शिकण्याची तऱ्हा वेगळी.

आधी भाषेची भीती घालवू. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. आपल्या 'चा-ची-चे'साठी त्यांचा 'नो' आहे, 'ला'साठी बरेचदा 'नि'. बाईंनी घोकून घेतलेली विभक्ती मला जपानीच्या वर्गात कामाला आली! खरी चढण कांजी लिपीची. नेहमीच्या वापराच्या चिन्हांची सरकारी यादीच २१३६ चिन्हांची आहे. ती सुट्टीत उरकत नाही. रोज पाऊण तास, सणावारीही, असंच ते जमतं. प्रोग्रॅमिंगचं उलट. त्याला सलग तीन-चार तासांची बैठक लागते. म्हणून रोजची सकाळ भाषेला आणि शनिवार-रविवार कोडला द्यावा.

जेएलपीटी परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. बऱ्याच कंपन्या एन-२ मागतात. पण या परीक्षेत बोलणंही नाही आणि लिहिणंही नाही. एन-२ झालेली हुशार मुलं मीटिंगमध्ये गप्प बसलेली मी पाहिली आहेत. 'केन्तो शिमास' म्हणजे 'विचार करतो'. तो बरेचदा सभ्य नकार असतो, हे पुस्तकात कळत नाही.

आता दुसरी बाजू. जपानी येणाऱ्या इंजिनिअरला ब्रिज इंजिनिअर करतात. इकडची टीम आणि तिकडचा ग्राहक यांच्यामधला दुवा. मान मिळतो, पण दिवस भाषांतरात जातो आणि कोडवरचा हात हळूहळू सुटतो. मला ती जागा देऊ केली तेव्हा मी एकच अट घातली : एक मॉड्यूल माझ्याकडे राहील. काम दीडपट झालं. पण बिघाड कुठे आहे हे मी स्वतः कोड वाचून सांगू लागले, तेव्हा तिकडचे इंजिनिअर माझ्याशी थेट बोलू लागले. आज साधं भाषांतर यंत्रही करतं. नुसत्या दुभाष्याची जागा त्यामुळे डळमळीत झाली आहे.

दोन्ही अभ्यास एकत्रही करता येतात. रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा युकिहिरो मात्सुमोतो या जपानी माणसाने घडवली, १९९५ मध्ये ती लोकांसमोर आली. तिची माहिती जपानीत वाचावी. कोड ओळखीचा असला की अनोळखी वाक्यही उलगडतं.

जेवणानंतर मुलांना माझ्याकडे जरूर पाठवा. येताना प्रत्येकाने स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम आणावा, आणि तो काय करतो ते मला पाच जपानी वाक्यांत सांगावं. वाक्यं मोडकी असली तरी चालतील.