पोट या शब्दाचा पसारा

वैद्याच्या लेखीं पोट म्हणजे छातीखालचा आणि कमरेवरचा शरीराचा भाग. रोग्यानें 'पोटांत दुखतें' असें सांगितलें कीं वैद्य पोट दाबून पाहतो आणि काढा देतो. परंतु शेजाऱ्यानें माडी बांधली म्हणून ज्याच्या पोटांत दुखूं लागतें, त्याला कोणताच काढा लागू पडत नाहीं. शब्द एकच, पण दुखण्याची जागा निराळी.

संस्कृतानें मराठीला 'उदर' दिलें; त्याचा उपयोग उदरनिर्वाह, सहोदर अशा समासांपुरताच राहिला. 'पोट' हें महाराष्ट्री प्राकृतांतील 'पोट्ट' या शब्दाचें रूप असून तो शब्द गाथासप्तशतींतही आढळतो. म्हणजे या भूमींतील माणूस शतकानुशतकें आपली भूक याच शब्दानें सांगत आला आहे. पोट भरणें, पोट जाळणें, पोटाला चिमटा घेणें हे सारे प्रयोग भुकेचे. नोकरी सुटलेला मनुष्य 'पोटावर पाय आला' म्हणतो. तो पाय कोणाचा, हें त्याला सांगावें लागत नाहीं. पण भुकेची जी जागा, तीच गर्भाचीही. म्हणून पोटुशी, पोटचा गोळा, पोटीं येणें असे शब्द झाले. अपराध पोटांत घालावयाचा असतो, गुपित पोटांत ठेवावयाचें असतें, आणि ज्याच्या पोटांत एक व ओठांत एक असतें त्याच्यापासून जपावयाचें असतें. क्षमा आणि कपट या दोघांना राहावयास मराठीनें एकच घर द्यावें, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

शेतावर गेलें तरी हा शब्द पाठ सोडीत नाहीं. ज्वारीचें कणीस बाहेर पडण्यापूर्वी पानाच्या आवरणांत फुगूं लागलें, कीं पीक 'पोटरींत आलें' असें शेतकरी म्हणतो. त्याच्या सर्व्हे नंबराचे भाग पडले तर ते पोटहिस्से. आणि त्यांत खडक किंवा नाला असून लागवड होत नसेल, तर तेवढी जमीन सातबाराच्या उताऱ्यांत 'पोटखराब' म्हणून लिहिली जाते. एका वस्तूच्या आंत दुसरी, या अर्थानेंच पोटमाळा, पोटजात, पोटनियम आणि पोटभाडेकरू हे शब्द झाले. पोटनिवडणुकींतलें पोट मात्र कोणाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या गोतावळ्यांत ज्यावर माणसाचें आयुष्य अडून राहतें, असा शब्द म्हणजे 'पोटगी'. इंग्रजी कायद्यांतील 'मेंटेनन्स' शब्दांत अन्न, वस्त्र, निवारा असा सगळाच सांभाळ येतो. मराठी नांव मात्र पोटापाशीं थांबलें, आणि कायद्याचा हातही पुष्कळ काळ तेथेंच आखडला. १८९८ च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडाच्या ४८८ व्या कलमांत पोटगीस दरमहा ५० रुपयांची मर्यादा होती. ती १९२३ सालीं १०० आणि १९५५ सालीं ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेच्या १२५ व्या कलमांतही तोच ५०० चा आंकडा कायम राहिला. धान्य महागलें, भाडीं वाढलीं, मुलांच्या शाळांचा खर्च वाढला; टाकून दिलेल्या स्त्रीचें पोट तेवढें कायद्याच्या हिशेबीं १९५५ सालचेंच राहिलें. कांहीं राज्यांनीं मध्यंतरीं मर्यादा आपापल्यापुरती वाढविली. पण मूळ कायद्यांतून ती गेली, ती २००१ सालीं.

१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांत आहे. १९७३ च्या संहितेनें हा हक्क निराधार आईबापांनाही दिला होता, तोही नव्या कलमांत कायम आहे. त्यामुळें एखाद्या वृद्ध आईच्या अर्जांत 'पोटचा मुलगा' आणि 'पोटगी' हे दोन शब्द एकाच ओळींत येतात.